आतल्या खोलीतला हात

मिस्त्री गेले आणि पंधरवड्याच्या आत गिऱ्हाइकं आपापल्या मोटरी उचलून न्यायला आली.

कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे फार जपून बोलत होते. दारात चपला काढल्यासारखा आवाज उतरवून यायचे, दोन शब्द मिस्त्रींबद्दल बोलायचे, मग नजर हळूच कोपऱ्यात ठेवलेल्या आपल्या मोटरीकडे वळायची. अर्धवट उघडलेल्या, तारा बाहेर आलेल्या मोटरीसुद्धा लोकांनी तशाच गोणपाटात बांधून नेल्या. सगळ्यात शेवटी लाँड्रीवाला आला. त्याच्या कपडे वाळवायच्या मोठ्या पिंपाची मोटर जळली होती. मिस्त्री आजारी पडले त्याच आठवड्यात ती दुकानात आली होती, अजून उघडलीही नव्हती. त्यानं दोन हमाल आणले होते. मोटर हातगाडीवर चढली तेव्हा तो वहिनींकडे वळून म्हणाला, "वहिनी, काय सांगू तुम्हाला. मिस्त्री गेले, हात गेला."

वहिनी काउंटरला टेकून उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात काउंटरवरच होते, लाँड्रीवाल्याच्या डोळ्यांसमोर. दहाही बोटांच्या टोकांना तांब्याच्या तारेनं घट्टे पडलेले, नखांच्या कडेला वार्निशचा कधीच न निघणारा तपकिरी डाग. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलता आलं असतं. पण ज्या माणसाचे कपडे अजून खुंटीवरून काढले नव्हते, त्याच्याकडून काही हिसकावून घेतल्यासारखं त्यांना वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, "सावकाश न्या, खालचा पाया तुटका आहे."

खरं असं होतं, की त्या दुकानातून गेल्या अठ्ठावीस वर्षांत जेवढ्या मोटरी नव्यानं भरून बाहेर पडल्या, त्यातल्या पहिल्या महिन्यातल्या सोडल्या तर एकीलाही मिस्त्रींनी तार भरली नव्हती.

मिस्त्री आधी कारखान्यात होते. तिथे साखळीत हात सापडला आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. नोकरी गेली, तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं. पुढे रस्त्याला लागून काउंटर, मागे एक खोली, खोलीला परसाकडे उघडणारी खिडकी. मोटर खोलायला, आवाजावरून दुखणं ओळखायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. पण जळालेली तार काढून नवी भरायची म्हणजे बोटांचं काम. मोटरीच्या आतल्या बाजूला अरुंद खाचा असतात, त्यांत कागद बसवायचा, मग मोजून वेढे दिलेल्या तारेच्या कॉइल एकेक करून आत सरकवायच्या. तारेवरचा मुलामा जरा जरी खरवडला की सगळं मुसळ केरात. ती दोन बोटं तिथे वळायचीच नाहीत. पहिल्याच महिन्यात तीन मोटरी जळून परत आल्या. चौथ्या वेळी वहिनी म्हणाल्या, "द्या इकडे, मी बघते."

लग्नाआधी त्या शिंप्याकडे काजं करायला बसत. बारीक कामाची सवय होती. पण हे नुसतं बारीक काम नव्हतं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. एक वेढा कमी झाला तर मोटर तापते, एक जास्त झाला तर जोर मरतो. हे का होतं ते त्यांनी मिस्त्रींना विचारून विचारून त्यांचं डोकं खाल्लं. मिस्त्रींना माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं, उरलेलं त्यांनी जुन्या मोटरी उकलून स्वतः शोधलं. वर्षभरात अशी वेळ आली की कुठल्या मोटरीला किती जाडीची तार आणि किती वेढे, हे मिस्त्री त्यांना विचारायला लागले. एकदा एक मोटर सारखी सारखी जळत होती. वहिनींनी वेढेच बदलले, आधीच्या कारागिरानं मुळात चुकीचे भरले होते म्हणून. ती मोटर पुढे बारा वर्षं चालली. लोक म्हणाले, मिस्त्रींचं डोकं इंजिनिअरचं आहे.

लोकांना सांगायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. ठरलं म्हणजे मिस्त्री म्हणाले आणि वहिनींनी मान डोलावली. "बाईनं भरलेली मोटर म्हटलं की जरा धूर निघाला तरी तुझ्या नावानं ओरडतील," ते म्हणाले होते. "माझ्या नावानं ओरडू देत. माझी पाठ रुंद आहे." तेव्हा त्यांना ते बोलणं मायेचं वाटलं होतं. होतंही मायेचंच. फक्त धूर निघायचा बंद झाला त्यालाही पंचवीस वर्षं झाली, आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता दुकान मोकळं झालं. वहिनींना मिस्त्रींची आठवण सकाळी यायची नाही, जेवताना यायची नाही. ती यायची अकराच्या सुमारास, मोजणीच्या वेळी. वेढे मोजताना मध्ये कुणी बोललं की आकडा चुकतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून त्या मोजायला बसल्या की मिस्त्री बाहेर काउंटरवर तळहात वर धरून बसायचे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की खुणेनं गप्प करायचे. "आत मोजणी चाललीय," एवढंच पुटपुटायचे. लोकांना वाटायचं आत कुणी नोकर असेल. भाजीवाली, टपालवाला, शेजारचा बडबड्या न्हावी, सगळे त्या तळहातापुढे गप्प बसलेले. अठ्ठावीस वर्षं एका माणसानं रोज त्यांच्यासाठी रस्त्याचा आवाज अडवून धरला होता. आता दुकानात आयतीच शांतता होती, पण ती कुणी कुणासाठी धरलेली नव्हती. त्या शांततेत त्यांचा जीव रमेना.

लेक चार दिवसांची रजा काढून आली. ती दूरच्या एका मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होती, यंत्रांच्या देखभालीच्या विभागात, चाळीस पुरुषांत एकटी. तिचीही रड होतीच. काम घ्यायला येणारे ठेकेदार तिच्यासमोर बसून तिच्या हाताखालच्या माणसाशी बोलायचे. "मी प्रश्न विचारते आणि उत्तर त्याला देतात, आई," ती म्हणाली. वहिनी ऐकत होत्या, भांडी पुसत होत्या.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. दुकान बंद करावं, जागा कुणाला तरी द्यावी आणि आईनं आपल्याकडे राहायला यावं. बोलता बोलता ती नोकरीच्या मुलाखतीची गोष्ट सांगायला लागली. समोरच्या साहेबानं विचारलं होतं, मुलीच्या जातीला या यंत्रांचं वेड कुठून लागलं. "मी ताडकन सांगितलं, माझे वडील मोटर वाइंडिंग करायचे. त्यांच्याकडे बघून शिकले. साहेब गप्पच झाला."

वहिनींच्या हातातलं भांडं थांबलं. "असं सांगितलंस?"

"मग काय सांगणार? बाबांचंच दुकान ना ते."

ही तीच पोर, जी आतल्या खोलीत वहिनींच्या पायाशी बसून खाचांचे कागद कापायची. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरी ती खोटं बोलत नव्हती, हेच वहिनींना जास्त लागलं. तिला मनापासून तसंच आठवत होतं. त्यांनी भांडं जागेवर ठेवलं आणि येण्याचं नंतर बघू म्हणाल्या. लेक गेली. घर खायला उठलं.

मग त्या नको ते करायला लागल्या. लोकरीचा गुंडा खुर्चीच्या पायांभोवती गुंडाळायच्या आणि उलगडायच्या. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या. एका दुपारी आतल्या खोलीत जाऊन त्यांनी उरलेल्या तारेची एक कॉइल भरली, बावन्न वेढ्यांची, कुठल्याच मोटरीसाठी नसलेली. भरून झाल्यावर ती हातात घेऊन वजन करत राहिल्या. नवी तांब्याची तार खिडकीतल्या उजेडात लालसर दिसते. ती तशी रोज बघायला मिळावी म्हणून त्या ही खोली सोडून कुठे जाणार नव्हत्या, हे त्यांना तेव्हा कळलं. पण काम कुठून आणायचं ते कळलं नाही.

आठवडाभरानं सकाळीच दुकानासमोर हातगाडी थांबली. गाडीवर लाँड्रीवाल्याची मोटर होती आणि गाडीबरोबर चष्मेवाले होते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं वाइंडिंगचं दुकान, मोटर इथून तिथेच गेली होती. मिस्त्रींचे जुन्या कारखान्यातले सोबती आणि पुढची सगळी वर्षं प्रतिस्पर्धी. चष्म्याच्या काचा इतक्या जाड की डोळे पाण्याखाली असल्यासारखे दिसत, म्हणून ते नाव. वहिनी त्यांना दादा म्हणत.

मोटर आत घेतली. चष्मेवाल्यांनी तिचं झाकण आधीच काढलेलं होतं. आतली तार एका बाजूनं कोळसा झाली होती, दुसरी बाजू शाबूत होती. त्यांनी शाबूत बाजूवर बोट ठेवलं. "बेअरिंग अडकलं म्हणून जळली. भरणीत खोट नाही. नऊ वर्षं झाली या भरणीला." मग बोट कॉइल बांधलेल्या दोऱ्याच्या गाठींवरून पुढे सरकलं. "ही काजाची गाठ आहे, वहिनी. कुठला वाइंडर काजाची गाठ मारतो?"

वहिनींनी हात पदराखाली घेतले.

"मिस्त्रींचा हात साखळीत गेला तेव्हा मीच यंत्र बंद केलं होतं," ते म्हणाले. "ती दोन बोटं कुठपर्यंत वळतात ते मला माहीत होतं. तुमच्या दुकानाची पहिली चांगली मोटर माझ्यासमोर आली त्याच दिवशी मी ओळखलं."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"मिस्त्री बोलले नाहीत, तिथे मी कोण?"

मग वहिनींनी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं. "तुमच्याजवळ तरी कधी बोलले?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरला असता, पण ते खोटं बोलले नाहीत. "एकदा मीच विचारलं होतं. म्हटलं, आत कुणाचा हात आहे? हसले. म्हणाले, आपलाच, दुसऱ्या कुणाचा."

वहिनी स्टुलावर बसल्या. आपलाच. त्या शब्दात आपण आहोत की नाही, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. मिस्त्री असते तर त्यांना जाब विचारला असता. अठ्ठावीस वर्षांत या एका गोष्टीवरून त्या दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं. आता भांडायला तोंडाशी आलं होतं, आणि समोर माणूस नव्हता. मिस्त्री गेल्यापासून ते एकदा यावेत असं त्यांना रोज वाटे. पण इतक्या रागानं ते कधी वाटलं नव्हतं.

चष्मेवाले मुद्द्यावर आले. त्यांचे डोळे गेल्यात जमा होते. तार दिसत नव्हती, बोटांनी किती दिवस भागणार. काम येत होतं आणि होत नव्हतं. "तुम्ही भरा. मी आणून देत जाईन, मीच नेत जाईन. दुकान माझं, नाव माझं, तुम्हाला कुणाशी तोंड वाजवायला नको. कुणाला कळायचं कारणच नाही. पूर्वीसारखंच."

वहिनींचा एक हात मोटरीवर होता. लोखंड गार होतं, आत जळक्या मुलाम्याचा ओळखीचा उग्र वास होता. त्यांना ते काम इतकं हवं होतं, की हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. घरात बसून, खिडकीच्या उजेडात, दिवसभर तार. आणखी काय हवं होतं? अठ्ठावीस वर्षं तेच तर हवं होतं.

"ही मोटर भरते," त्या म्हणाल्या. "पण लाँड्रीवाले न्यायला इथे येतील. माझ्याकडे."

"ते नाही म्हणाले तर?"

"तर जशी आणलीत तशी घेऊन जा, दादा."

हे बोलताना त्यांचा हात मोटरीवरून निघाला मात्र नाही. चष्मेवाल्यांना जाड काचांतून तेवढं दिसलं असावं. चष्मा नाकावर वर सारून ते म्हणाले, "सांगून बघतो," आणि रिकामी हातगाडी घेऊन गेले.

काम चार दिवस चाललं. पहिला दिवस जळकी तार उपसण्यात आणि खाचा खरवडून साफ करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी कागद कापले. छत्तीस खाचांचे छत्तीस तुकडे, कापून द्यायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी वेढे. एकेचाळीसपर्यंत आल्या आणि बाहेर कुणीतरी काउंटरवर टकटक केली, न्हाव्याला सुट्टे हवे होते. आकडा गेला. पुन्हा पहिल्यापासून. बेचाळीसला फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला, डोळे मिटून घेतले आणि ओठांनी मोजत बावन्नपर्यंत पोचल्या. फोन वाजत राहिला, थांबला, परत वाजला. त्यांनी कॉइलला दोरा बांधला आणि मगच उचलला.

लेक घाबरली होती. "कुठे होतीस? तीनदा लावला."

"मोजत होते."

 पलीकडे कारखान्याची घरघर ऐकू येत होती. मग लेक म्हणाली, "म्हणजे मला बाबा आठवतात ना, ते काउंटरवर हात वर करून बसलेले आठवतात. मीही शेजारी गप्प बसायचे. कशासाठी गप्प बसतोय, ते मनात आलंच नाही कधी." ती थांबली. "आई, त्या साहेबाला मी चुकीचं सांगितलं."

"तुला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं गं. समोर तर दिसत होतं."

वहिनी तार बोटाभोवती फिरवत राहिल्या. काहीतरी मोठं बोलावं असं दोघींनाही वाटत असावं, पण लेकीला मध्येच कुणीतरी हाक मारली. ती घाईघाईनं म्हणाली, "किती जाडीची तार आहे?" वहिनींनी सांगितलं. "मग वार्निश नीट वाळू दे," लेक म्हणाली, आणि स्वतःच हसली. "मी कुणाला सांगतेय!"

लाँड्रीवाला आला तो चष्मेवाल्यांना बरोबर घेऊनच. दुकानात शिरल्याबरोबर त्याची नजर आतल्या खोलीकडे गेली, तिथे कुणी माणूस दिसतो का ते बघत. मोटर काउंटरवर तयार होती, वार्निशनं चकाकत होती. त्यानं चष्मेवाल्यांना विचारलं, कुणी भरली. चष्मेवाल्यांनी वहिनींकडे बोट केलं.

"मीच भरली," वहिनी म्हणाल्या. "आधीची पण मीच भरली होती. नऊ वर्षांपूर्वी."

लाँड्रीवाला हसला, मग कुणी हसत नाही असं पाहून थांबला. त्यानं पुन्हा चष्मेवाल्यांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. "मग मिस्त्री काय करायचे?" त्यानं विचारलं. चेष्टेनं नव्हे, त्याला खरंच कळत नव्हतं.

 वहिनींच्या मनात राग होताच. एका वाक्यात त्या माणसाचं नाव पुसता आलं असतं, आणि ते वाक्य खोटंही ठरलं नसतं. "मोटर उघडायचे," त्या म्हणाल्या. "दुखणं शोधायचे. तुमच्याशी बोलायचे. मी मोजत असताना कुणाला बोलू द्यायचे नाहीत. फक्त एक करायला हवं होतं, ते नाही केलं त्यांनी." काय, ते लाँड्रीवाल्यानं विचारलं नाही.

त्यानं मोटर तिथेच चालवून बघायचा हट्ट धरला. मिस्त्रींच्या वेळी कधी धरला नव्हता. वहिनींनी जोडून दिली. मोटर लागली, एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज धरून फिरायला लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लाँड्रीवाला तिच्या अंगावर हात ठेवून उभा होता, तापण्याची वाट बघत. ती तापली नाही. शेवटी तो म्हणाला, बघू किती दिवस टिकते, आणि घेऊन गेला.

एवढ्यानं सगळं बदललं असं नाही. त्यानंतर महिनाभर दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. जुन्यांपैकी पुष्कळ जण दूरच्या दुकानांत गेले ते गेलेच. एकानं तर तोंडावर सांगितलं, पाण्याचा पंप आहे, त्यात धोका पत्करता येत नाही. पुढे चष्मेवाल्यांनी मात्र दुकान आवरतं घेतलं आणि येणाऱ्याला स्वतःच इकडे पाठवायला लागले. "तिकडे जा, त्या बाईंकडे. माझ्यापेक्षा बरं करतात," एवढं ते म्हणत. एका शेजाऱ्यानं हे ऐकून वहिनींना सांगितलं. त्या रात्रीच्या जेवणाचं मीठ चुकलं.

मग एक पाववाला आला. नवखा होता, त्यानं मिस्त्रींना कधी पाहिलंही नव्हतं. पीठ मळायच्या यंत्राची मोटर घेऊन आला होता, घाईत होता. वहिनींनी मोटरीचा दांडा हातानं फिरवला, कान लावला, वास घेतला आणि काय झालंय ते सांगितलं. दोन प्रश्न त्यानं विचारले, दोन्ही त्यांनाच. मग म्हणाला, "शनिवारपर्यंत होईल?"

मिस्त्री असताना हा प्रश्न आला की ते म्हणत, जरा हत्यार बघून येतो. आत येऊन हळूच विचारत, "अगं, शनिवारपर्यंत?" वहिनी मान हलवत. मग ते बाहेर जाऊन भारदस्त आवाजात सांगत, होईल. कितीदा त्यांना वाटलं होतं, एकदा हे बाहेरच म्हणतील, थांबा, तिला विचारतो. बस, एवढंच. पाटी नको होती, कौतुक नको होतं.

पाववाला वाट बघत होता. वहिनींनी नकळत मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, स्टूल रिकामं होतं. त्या बराच वेळ तशाच बघत राहिल्या असाव्यात, कारण पाववाल्यानं विचारलं, आत कुणाला विचारायचंय का.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "शनिवारी दुपारी या."